समुद्रातली कोरडी विहीर

आमच्या गडचिरोली जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या साडभाऊंना आजतागायत मान्य नाही. वैनगंगा वडशावरून खाली जाते, पुढे तिची प्राणहिता होते, सिरोंच्याला ती गोदावरीत शिरते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात. मग समुद्र आपल्या मागच्या दारातच झाला की नाही, असा त्यांचा सवाल असतो. मी वडशाच्या शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय. एकदा नकाशावर पट्टी ठेवून मी त्यांना अंतर दाखवलं, तर म्हणाले, "मास्तर, तुमी पट्टीनं मोजता, मी पान्यानं मोजतो." मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि चारचौघांत ते बाहेर काढायची संधी त्यांनी कधी वाया घालवलेली नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव वडसा-कुरखेडा रस्त्याला आत, एका मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, चिकटून. घराणं मासेमारांचं, तलावात जाळं, पाळीखाली दोन बांद्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत, धान. साडभाऊ बारावी झाले आणि कोणाच्या तरी ओळखीने चंद्रपूरकडे कोळसा शोधणाऱ्यांच्या हाताखाली लागले. जमिनीत भोक पाडायचं, खालून आलेला दगड बघायचा, असं ते काम. तिथून एक साहेब त्यांना उचलून समुद्रात घेऊन गेला, ते निवृत्त होईपर्यंत. खोल समुद्रात नैसर्गिक वायू शोधणाऱ्या जहाजावर ते होते. वडशाच्या स्टेशनापासून वैनगंगेच्या पुलापर्यंत जितकं अंतर, तितकं खाली नुसतं पाणी, आणि त्या पाण्याच्या बुडाशी ही मंडळी विहीर खोदणार. खोदताना आत घट्ट चिखल सोडतात, तो फिरून वर येतो, त्याबरोबर खालच्या खडकाचा चुरा येतो. तो चुरा चाळायचा, धुवायचा, भिंगाखाली बघायचा आणि कुठल्या खोलीवर काय निघालं, वायूचा मागमूस आहे की नाही, ते लिहायचं, हे साडभाऊंचं काम. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. गावाने याचा सारांश असा काढला होता, की आपल्या तलावात चिखल कमी पडला म्हणून हा माणूस समुद्रात जाऊन चाळतो.

त्यांना मी एकदा शाळेत मुलांपुढे उभं केलं. म्हटलं, समुद्राबद्दल सांगा. एका मुलीने विचारलं, समुद्र कोणत्या रंगाचा असतो? साडभाऊ म्हणाले, "वरतून मी नाई पाह्यलो, बेटा. बुडाचा सांगू का?" मग अर्धा तास त्यांनी बुडाचा सांगितला. करडा, काळपट करडा, हिरवट करडा. मुलं खूश झाली. भूगोलाचा तास मात्र गेला.

या कामाने त्यांना एक खोड लावली. कुठल्याही गोष्टीचा नमुना एका जागचा घ्यायचा नाही. वरचा, मधला आणि बुडाचा असे तीन घ्यायचे आणि तिन्हींबद्दल खरं तेच सांगायचं. वडशाला तांदूळ घ्यायला गेले की पोत्याच्या तोंडाशी सगळं जग हात घालतं, साडभाऊ मात्र पोतं आडवं करायला लावून बुडाला परखी, म्हणजे धान्याचा नमुना काढायची पोकळ सळई, खुपसतात. तिन्हींचे दाणे तीन कागदी पुड्यांत, पुड्यांवर पेनने लिहिलेलं. एकदा व्यापारी वैतागून म्हणाला, "भाऊ, तांदूर घेऊन राह्यले का विहीर खोदून राह्यले?" साडभाऊंनी शांतपणे तिसरी पुडी त्याच्यासमोर उघडली. "वरतं श्रीराम तांदूर हाये, मंधात बरा हाये, पन खाल्तं तुमी कनी घातली." व्यापाऱ्याने पोतं बदलून दिलं आणि पुढे साडभाऊ दिसले की तो स्वतःच पोतं आडवं करायचा.

तांदळापुरतं हे ठीक होतं. आमच्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी वांग्याच्या भाजीच्या गंजात डाव घालून तीन थरांतली भाजी चाखली आणि पंगतीपुढे निकाल दिला, की वरची बेस आहे, मधलीत मीठ नाही, बुडाची करपली आहे. पंगतीतला प्रत्येक जण आपल्या पानातली भाजी कुठल्या थरातली हे तपासू लागला. सासरेबुवा हात जोडून म्हणाले, जावईबापू, अर्धंच सांगितलं असतं तर चाललं नसतं का? साडभाऊ खरोखर गोंधळले. "अर्धं सांगतलं तं ते नमुना कसा होईन?" त्यांना चिडवायचं नसतं, दुखवायचं तर मुळीच नसतं. एखाद्याला डोळ्यावर चष्मा असतो तसा त्यांना खरेपणा आहे, काढला तर त्यांना दिसत नाही.

दुसरी खोड वजनाची. जहाजावर हेलिकॉप्टरने जावं लागतं आणि बसण्याआधी माणसाला बोचक्यासकट काट्यावर उभं करतात. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं, की माझ्या फटफटीवर मागे बसायच्या आधी ते स्वतःचं वजन जाहीर करतात आणि माझं विचारतात. तलावात लाकडी डोंगा आहे. त्यात पाय टाकण्यापूर्वी प्रत्येकाने वजन सांगायचं, असा त्यांनी दंडक घातला. आमच्या सासूबाई एकदा पलीकडच्या काठावर देवीला जायला आल्या. काठावर अर्धं गाव. साडभाऊंनी अदबीने विचारलं, "बाई, तुमचं वजन?" सासूबाई म्हणाल्या, "साठ." साडभाऊंनी एकदा सासूबाईंकडे आणि एकदा डोंग्याकडे बघितलं, घरातून धानाची पोती मोजायचा काटा आणवला, आणि काठावरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, कारण मला अजून त्या घरी जेवायला जायचं असतं. सासूबाई पाळीवरून चालत फेरा घालून देवीला गेल्या आणि वर्षभर थोरल्या जावयाशी बोलल्या नाहीत.

हिवाळ्यात वडशाला नाटकांचे मंडप उभे राहिले की साडभाऊंना न्यायचं की नाही यावर घरात चर्चा होते. एकदा नेलं तर त्यांनी पडदा उघडायच्या आधी उठून उभं राहून आसपासच्या चार रांगांना मंडपातून बाहेर पडायच्या वाटा हाताने दाखवल्या. पुढे खलनायक पेटती मशाल घेऊन आला. याच्या हातात विस्तव द्यायला परवानगी कोणी दिली, आणि पाण्याची बादली कुठे आहे, असं साडभाऊंनी जागेवरून विचारलं. खलनायक जुना, मुरलेला नट. त्याने मशाल विझवली आणि म्हणाला, "भाऊ हाये तवरीक आपन अंधारातच अन्याय करू." लोकांनी वाजवल्या तेवढ्या टाळ्या नायकालाही मिळाल्या नसतील. साडभाऊ मात्र समाधानाने बसून राहिले.

आता या सगळ्या खटाटोपातली खरी गंमत सांगतो. इतकी वर्षं समुद्रात जाऊन या माणसाला वायू कधी लागलाच नाही. लागला तो दुसऱ्या जहाजांना, दुसऱ्या पाळीला, हे घरी असतानाच्या अठ्ठावीस दिवसांत. हे ज्या ज्या विहिरीवर होते ती ती कोरडी. वायू नसलेल्या विहिरीला त्यांच्या धंद्यात कोरडीच म्हणतात, आणि हे साडभाऊंनी गावात येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. मग काय विचारता. एवढ्या समुद्राच्या मधोमध विहीर खोदली आणि तीही कोरडी निघाली, हे ऐकून तलावाच्या पाळीवरची माणसं आठवडाभर पोट धरून हसली. "भाऊ, समुद्र आटला का काय?" असं पानठेल्यावर रोज कोणीतरी विचारायचं. साडभाऊ चिडायचे नाहीत. म्हणायचे, "कुठी नाई थे समजलं ना. आता तिथी कोनी जानार नाई." मला हे उत्तर फार आवडायचं, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटायचं.

एक माणूस मात्र कधी हसला नाही. ते त्यांचे वडील, ज्यांना सगळं गाव बा म्हणायचं. बांनी जन्मभर तलावात जाळं टाकलं. त्यांच्या घरात एक रीत होती. ज्याला मासळी लागली त्याने जाळं मागच्या परसात घातलं तरी चालेल. पण जो रिकामा आला त्याने आधी पुढच्या कुंपणावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं जाळं वाळत घालायचं आणि मग घरात पाय ठेवायचा. रिकामं जाळं लपवणाऱ्याला पाणी ओळख देत नाही, असं बा म्हणायचे. साडभाऊ समुद्रावरून आले की बा सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवरून विचारायचे, "लागलं का काही?" साडभाऊ म्हणायचे, "नाई, बा." बा म्हणायचे, "नाई तं नाई. वाळू घाल." मग साडभाऊ बोचक्यातून जहाजावरची नारिंगी डांगरी काढायचे. डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेला कामाचा पोशाख; निघताना धुतलेला, पण ओलाच कोंबलेला. ती ते पुढच्या कुंपणावर दोन्ही हात पसरून वाळत घालायचे. नारिंगी रंग पाळीच्या पार टोकावरून दिसायचा. भाऊ आले आणि विहीर कोरडी, ही बातमी गावाला अशी कळायची. बापलेकांत याहून जास्त बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नाही. पण मेहुणीबाई, म्हणजे साडभाऊंची बायको, सांगायच्या, भाऊ यायचे असले की बा सकाळपासून खाट रस्त्याच्या बाजूला वळवून घेतात.

साडभाऊंच्या निवृत्तीला अठ्ठावीस दिवसांची एक पाळी उरली होती तेव्हा बा आजारी पडले. गडचिरोलीला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. साडभाऊ जहाजावर. मी भेटायला गेलो तर बांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, मायाच पोरगा हाये, म्हनून म्हनतो. लय मेहनती हाये. पन त्याले कधी लागलं नाई. एकडाव लागलं आयकलो का मी मोकळा." मी शहाणपणा केला. जहाजावरून आठवड्यातून एकदा फोन यायचा, त्या फोनवर हे शब्द मी जसेच्या तसे साडभाऊंना सांगितले. साडभाऊ म्हणाले, "बरं." फोन ठेवल्यावर मला वाटलं, बुडाचा नमुना देण्यात मीही काही कमी नाही.

धान कापणीचे दिवस होते. बल्लारशाकडून येणाऱ्या पॅसेंजरने साडभाऊ वडशाला उतरले. मी फटफटी घेऊन उभाच होतो. रामराम व्हायच्या आधी विचारलं, लागला का? त्यांनी बोचकं खाली ठेवलं. "लागला. पन थोडासा. काढाले पुरनार नाई. सिमेंट भरलं, झाकन लावलं आन् आलो. आमच्यात तिले कोरडीच म्हनतेत." मी तेवढ्यातल्या पहिल्या शब्दाला घट्ट धरलं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा म्हटलं, भाऊ, बांना फक्त 'लागला' एवढं सांगा, पुढचं राहू द्या. साडभाऊंनी कप खाली ठेवला. "बुडाचा नमुना फेकून द्याचा आन् वरचाच दाखवाचा?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखं ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी माझं वजनही विचारलं नव्हतं, हे मला घर आल्यावर लक्षात आलं.

खाट रस्त्याकडे वळवलेली होती. बा उशीला टेकून बसले होते, अर्धे राहिले होते. साडभाऊ कुंपणापाशी बोचकं घेऊन उभे राहिले. बांनी विचारलं, "लागलं का काही?"

"लागलं, बा," साडभाऊ म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. मेहुणीबाई हातातलं सूप तसंच धरून उभ्या होत्या. पुढचं वाक्य आलं नाही. बांनी विचारलं, "केवढं?" आणि सासूबाईंना काट्यावर चढवणारा हा माणूस म्हणाला, "मोजलं नाई."

"मंग आनलं काऊन नाई?"

"तिथीच ठेवलं. झाकन लावून आलो."

बांनी लेकाच्या हातातल्या बंद बोचक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं केलं. मासळीच्या पोटात अंडी असली तं सोडाच लागते." आणि मेहुणीबाईंना म्हणाले, चहा ठेव, मास्तरालेबी दे. साडभाऊ बोचकं न उघडता आत गेले.

पुढचे तीन दिवस गाव येऊन बांचं अभिनंदन करत होतं. पानठेल्यावरचे टवाळ हातात केळी घेऊन आले. बा प्रत्येकाला सांगायचे, पोराले लागलं, झाकन लावून आला. साडभाऊ तेवढ्यात परसात काहीतरी काम काढायचे. जेवणात भाजी करपली तरी बोलले नाहीत, तेव्हा मेहुणीबाईंनी घाबरून माझ्या बायकोला फोन केला. खरं म्हणजे ते बोचक्यामुळे अडकले होते. डांगरी पुढे घालावी तर बांना दिलेलं उत्तर खोटं, मागे घालावी तर विहीर खोटी. म्हणून ती ओलीच खाटेखाली कोंडलेली होती आणि सपरीभर कुबट वास सुटला होता.

चौथ्या दिवशी रविवार, मी गेलो होतो. साडभाऊ बांचे पाय चेपत होते. बा डोळे मिटूनच म्हणाले, "खाल्तचं बोचकं काढ."

"काऊन, बा?"

"वास येऊन राह्यला तीन दिवसापासून. काढ, आन् पुढं वाळू घाल."

साडभाऊंचे हात थांबले. "बा, लागलं होतं खरं. पन..."

"आयकलो ना मी," बा म्हणाले. "लागलं का नाई लागलं, ओलं जाळं कोंडून ठेवलं तं सडते. ऊठ."

साडभाऊ उठले. बोचकं ओढून काढलं, डांगरी झटकली आणि पुढच्या कुंपणावर घातली. मग एवढा मोठा माणूस कुंपणाकडे तोंड करून तिच्या बाह्या पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिला, आणि मी चष्मा पुसायला लागलो. खोटं का बोलणार, मला रडू आलं होतं. मागून बांचा आवाज आला, "आज भाजी करपली का रे?" साडभाऊ वळून न बघता म्हणाले, "बुडाची करपली, बा. वरची बेस हाये." बा हसले. कितीतरी दिवसांनी हसले असं मेहुणीबाई म्हणाल्या.

बा त्या हिवाळ्याच्या शेवटी गेले. साडभाऊ आता घरीच असतात. सकाळी डोंगा घेऊन तलावात जाळं टाकतात आणि मला अजून समुद्र दाखवायचं म्हणतात. पाण्यानं गेलं तर जवळच आहे, हे ओघानं आलंच. जाळं टाकायला त्यांच्याकडे बांचा हात नाही, बहुतेक दिवशी रिकामेच येतात. माझी फटफटी पाळीवरून वळली की कुंपणावर पसरलेलं जाळं मला लांबूनच दिसतं. तरी मी गाडी उभी करता करता विचारतो, "लागलं का काही?" विचारणारं आता त्या घरात दुसरं कोणी राहिलं नाही. ते म्हणतात, "नाई, मास्तर." मी म्हणतो, "नाई तं नाई. वाळू घाला." मग ते जाळ्याचं एखादं टोक उगाच सारखं करतात आणि आम्ही दोघं चहाला आत जातो.